चौथी पायरी, खालून मोजून

आमच्या घरात कुणाचाही कागद कुठे अडला की तो माझ्याकडे येतो. मी रत्नागिरीतल्या एका ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. सव्वीस वर्षं दाखले लिहिले, गुणपत्रिका वाटल्या, चुकलेल्या जन्मतारखा दुरुस्त केल्या. एवढ्यावरून नातेवाइकांनी ठरवून टाकलं की शिक्षणातलं जे काही असेल ते ह्याला विचारावं. हा समज मी कधी दूर केला नाही. माणसाला घरात थोडा मान लागतो, आणि मला तो दुसऱ्या कुठल्या वाटेने मिळण्यासारखा नव्हता. मी नारळ सोलायला घेतला तर बायको आधी मलमपट्टी शोधून ठेवते.

त्या मानापायी मी माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीला एक पायरी खाली ढकललं. गेल्याच्या गेल्या मे महिन्यातली गोष्ट.

बहीण रत्नागिरीतच एका खासगी हॉस्पिटलात नर्स आहे. बारावीनंतर नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा केला आणि तेव्हापासून वीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात. तान्ह्या बाळाची शीर सापडत नाही, नवा डॉक्टर दोनदा टोचून घामाघूम होतो, आई रडायला लागते, तेव्हा हिला हाक मारतात. ती येते, बाळाच्या हातावरून अंगठा फिरवते, आणि काम होऊन जातं. हे मी पाहिलेलं नाही. सुई दिसली की मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो. पण तिथल्या आयांकडून ऐकलंय.

दोन वर्षांपूर्वी त्या हॉस्पिटलात नियम आला की वॉर्डाची इन्चार्ज पदवीवालीच हवी. डिप्लोमा चालणार नाही. मग जिला हिने शीर शोधायला शिकवलं होतं, ती पदवीवाली पोरगी हिची इन्चार्ज झाली. पोरगी चांगली होती, बिचारी हिच्यासमोर खुर्चीत बसायला लाजायची. महिनाभराने बहीण मला एवढंच म्हणाली, "दादा, जर्मनीत नर्स तीन वर्षंच शिकते. माझ्यासारखी. आणि तिला पूर्ण नर्स म्हणतात."

एक्केचाळिसाव्या वर्षी तिने मोबाइलवर जर्मन भाषेचा वर्ग लावला. मेव्हणे आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यात आहेत, बोलायला कमी. त्यांनी "कर" म्हटलं आणि संध्याकाळचा भात स्वतः लावायला लागले. मुंबईच्या एका एजन्सीकडे तिने नाव दिलं.

तर मे महिना. जवळच्या पावस गावात आमची चाळीसेक कलमं आहेत, त्यांचा आंबा घरी पडवीत येतो, आणि मी, बायको व शेजारचे चाचा पेट्या भरायला बसतो. चाचांनी तीस वर्षं बोटीवर इंजिनरूममध्ये काढली. निवृत्त झाल्यावर त्यांना घरात बसवत नाही. आंबा हातात घेऊन ते वजन सांगतात, आम्ही काटा वापरत नाही, ते दुखावतात म्हणून.

बहीण दुपारच्या ड्यूटीला जाताना वाटेत उतरली. उंबऱ्यातूनच म्हणाली, "दादा, वाईच हात पूस आणि हे बघ."

एजन्सीने दोन करार पाठवले होते. एकावर लिहिलं होतं पातळी तीन, दुसऱ्यावर पातळी चार. बाकी सगळा मजकूर जर्मन, आणि खाली चार ओळी मोडक्या इंग्रजीत. तीनवाल्याला फारसे कागद नकोत, पावसाळ्यातच निघायचं. चारवाल्याला आधी डिप्लोम्याची तिथल्या सरकारकडून मान्यता हवी, आणि त्यासाठी कुठल्या विषयाचे किती तास शिकलात त्याचा तपशील.

"यातलं मोठं कुठलं?" तिने विचारलं. "वर्गातल्या बाईंना विचारणार होते, पण त्या गावाला गेल्यात. एजन्सीवाला सांगतो, मॅडम, तीन घ्या, पटकन होईल."

आता इथे बाहेरच्या माणसासाठी सांगायला हवं. आमच्याकडे आंब्याच्या पेटीला त्यात किती डझन बसतात त्यावरून नाव असतं. चार डझनी म्हणजे मोठं फळ. पाच डझनी त्याहून लहान. सात डझनी म्हणजे जे आपण दूरच्या पाहुण्याला देतो आणि वर म्हणतो की यंदा फळ बारीकच आहे. आकडा चढला की फळ उतरतं. मी चालायला शिकलो तो पेटीला धरून. माझ्या डोक्यात लहान आकडा म्हणजे मोठा माल, हे शाळेतल्या पाढ्यांच्या आधी बसलेलं आहे.

"तीन," मी म्हणालो. हातात एक आंबा होता, तो तिला दाखवून म्हणालो, "तीन चाराच्या वर. आणि तोच लवकर मिळतोय. विचार कसला करतेस?"

"नक्की ना?"

"बोटीवर पण तसंच," चाचा मान हलवत म्हणाले. "सेकंड इंजिनियर थर्डच्या वर. फोर्थ इंजिनियर म्हणजे सगळ्यांच्या खाली, त्याला चहापण थंड मिळतो."

आंबा आणि बोट, दोघांचं एकमत झालं. रत्नागिरीत याच्यापुढे अपील नाही.

बायको पेंढा पसरत होती. ती म्हणाली, "शाळेत तर दुसरीपेक्षा तिसरी मोठी असते."

"शाळेचं वेगळं," मी म्हणालो. सव्वीस वर्षं शाळा-कॉलेजाचा पगार खाऊन मी हे म्हणालो, आणि म्हणताना मला काहीही वाटलं नाही.

बहिणीने त्याच दिवशी तीनवर सही करून पाठवली. माझ्यावर विश्वास होता म्हणून. हे लिहिताना अजूनही मला पडवीतल्या त्या जागेवर बसवत नाही.

पंधरा दिवसांनी ती ड्यूटीवरून थेट आली. अंगावर पांढरा युनिफॉर्म, पायात ते रबरी बूट. आत आली नाही, पायरीवर उभी राहिली. चाचा होतेच.

"दादा, तीन खाली असतं."

"कशाच्या?"

"चाराच्या."

वर्गातल्या बाई परत आल्या होत्या. त्या दिवशी प्रत्येकाने आपला व्यवसाय जर्मनमध्ये सांगायचा होता. हिने करारावरचा शब्द वाचला. बाई म्हणाल्या, तुम्ही तर नर्स ना, मग मदतनीस का सांगताय? मग त्यांनी पूर्ण करार वाचून घेतला. तीन म्हणजे मदतनीस. आंघोळ घालायची, भरवायचं, चादरी बदलायच्या, चालवायला न्यायचं.

"ती कामं मी आजपण करते," बहीण म्हणाली. "त्याची मला लाज नाय. पण सुई हातात घ्यायची नाय. औषध द्यायचं तर सिस्टरला विचारायचं. आणि सिस्टर म्हणजे मी नाय, दुसरी कोणतरी."

मी म्हणालो, "बाय, तिथे पोचलीस की मग हळूहळू वर चढता येईल."

"इथे वीस वर्षं हेच ऐकते."

चाचा हळूच आपल्या टोपलीकडे वळले. बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तिने बहिणीला दिला आणि माझ्याकडे बघितलं.

बहीण पाणी प्यायली आणि तिने पायरीवरूनच एजन्सीला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"मॅडम, करार मागे घ्याल तर ही बॅच गेली. पुढची कधी, मी सांगू शकत नाही."

"गेली तर गेली."

"मॅडम, मान्यतेला वर्ष लागतं. तुमचं वय पण..."

"माझं वय मला माहीत आहे. चारचे कागद काय काय लागतात ते लिहून पाठवा."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "दादा, मी सहीसाठी तुला दोष देत नाय. सही मी केली. पण आता चारचे कागद तू करून द्यायचे. कागद तुझं काम, सुई माझं."

ती गेल्यावर चाचा म्हणाले, "पोरगी चीफ इंजिनियर आहे."

मी कामाला लागलो. माणूस तोंडघशी पडला की अभ्यास फार मन लावून करतो. मागच्या वर्षीचं कॅलेंडर उलटं करून मी त्याच्या पाठीवर युरोपातल्या देशांच्या शिड्या काढल्या, शेजारी शेजारी, पट्टी घेऊन. बायकोने ते दिवाणखान्यात लावू दिलं नाही, म्हणून स्वयंपाकघरातल्या फ्रीजवर लावलं. आमच्या भाजी-भाकरीच्या मधोमध कित्येक महिने युरोप होता.

तिथे मला कळलं की सगळ्या युरोपाची मिळून एक आठ पायऱ्यांची शिडी आहे, खालून वर. एक सगळ्यात खाली, आठ सगळ्यात वर, म्हणजे पीएच.डी. बायकोने भाकरी थापता थापता विचारलं, "म्हणजे शाळेसारखं?" मी हो म्हटलं. ती "बरं" म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

पण ही सामाईक शिडी झाली. प्रत्येक देशाची घरची शिडी निराळी. जर्मनीची आठ पायऱ्यांची, ती सामाईक शिडीला नीट जुळते. इंग्लंडचीही आठ, पण पहिलीच्या खाली पायपुसण्यासारख्या आणखी छोट्या पायऱ्या आहेत. आयर्लंडची दहा. स्कॉटलंडची बारा. म्हणजे एखादा पीएच.डी.वाला जर्मनीत आठव्या पायरीवर उभा असेल तर तोच माणूस आयर्लंडमध्ये दहाव्या आणि स्कॉटलंडमध्ये बाराव्या पायरीवर. मधल्या काळात त्याने अभ्यास काही केलेला नाही, फक्त समुद्र ओलांडलाय. चाचांना हे फार आवडलं. "मग स्कॉटलंडलाच जायचं की," ते म्हणाले. मी त्यांना समजावलं की बारा आणि आठ इथे एकच उंची आहे, पायऱ्या बारीक आहेत एवढंच. ते म्हणाले, "आकडा तरी मोठा दिसतो. लग्नाच्या पत्रिकेत बरा दिसेल."

फ्रान्सजवळ मी थोडा वेळ थांबलो. अगदी अलीकडेपर्यंत फ्रान्समध्ये उलटं मोजत. एक म्हणजे सगळ्यात वर. मग त्यांनी बदललं. मी बायकोला बोलावून ते दाखवलं. म्हटलं, "बघ, फ्रान्समध्ये माझं बरोबर होतं."

"मग फ्रान्सला पाठवायची होती," ती म्हणाली.

माझी स्वतःची पायरीही मी शोधली. मोह कुणाला आवरलाय. माझी बी.ए. म्हणजे सामाईक शिडीवर सहा. बरं वाटलं. मग जर्मनीच्या रकान्यात बघितलं तर तिथे सुतार, प्लंबर, मेकॅनिक यांच्यातला जो आपल्या धंद्यातली उस्तादीची परीक्षा पास होतो, तोही सहा. पदवीवाल्याच्या बरोबरीने. आमच्या विहिरीचा पंप दुरुस्त करायला येतो त्या मिस्त्रीला मी हे सांगितलं. तो खाली वाकून नट पिळत होता. म्हणाला, "चांगलं आहे की. मी पंप दुरुस्त करतो. तुम्ही बी.ए. काय दुरुस्त करता?"

"दाखले," मी म्हणालो.

आणि मग नर्स. हिचंच सगळ्यात अवघड. जर्मनीत तीन वर्षं शिकलेली नर्स चौथ्या पायरीवर. आयर्लंडमध्ये नर्स व्हायला पदवीच हवी, आणि ती त्यांच्या शिडीवर आठवी. वाचताना वाटतं, केवढा फरक. चार कुठे, आठ कुठे. पण त्यांची आठवी म्हणजे सामाईक शिडीवर सहावी, म्हणजे खरा फरक दोन पायऱ्यांचा. आणि रुग्णाला ताप आला तर दोन्हीकडची नर्स कपाळाला हात लावूनच बघणार.

मी हे सगळं रंगीत पेनने भरून बहिणीला दाखवलं. तिने फ्रीजसमोर उभं राहून शांतपणे वाचलं. मग म्हणाली, "छान काढलंयस. पण दादा, ते लोक पायरी बघत नाहीत. तास बघतात. कुठल्या वॉर्डात किती तास. ते दे."

दोन महिने मी शिडी रंगवत होतो आणि तिला हवी होती तासांची यादी.

तिचं नर्सिंग स्कूल पालीच्या पुढे, कोल्हापूर रस्त्याला, एका ट्रस्टच्या हॉस्पिटलला जोडून होतं. स्कूल बंद होऊन दहा-अकरा वर्षं झाली. हॉस्पिटल आहे. आम्ही एका शनिवारी गेलो. ऑफिसातल्या क्लार्कने मान वर न करता सांगितलं, "जुनं काही नाही."

हे वाक्य मला घरच्यासारखं वाटलं. "जुनं काही नाही" याचा अर्थ मला आता उठायचं नाही. मी स्वतः ते सव्वीस वर्षं म्हणत आलोय, तेही ह्याच्याहून चांगल्या आवाजात. मी खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "आमच्या ऑफिसातपण जुनं काही नाही. कपाटाच्या मागे असतं."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुम्ही कुठल्या ऑफिसात?"

मी सांगितलं. तो हसला आणि ड्रॉवरमधून किल्ली काढली. "आमच्याकडे जिन्याखाली आहे."

जिन्याखाली लाल फडक्यात बांधलेली रजिस्टरं होती. बहिणीने ओढणीने तोंड बांधलं आणि आत शिरली. तासाभराने तिच्या तुकडीचं रजिस्टर सापडलं. कुठल्या आठवड्यात कुठली मुलगी कुठल्या वॉर्डात, सगळं होतं. पण बेरीज कुठेच नव्हती. आणि वॉर्डांची नावं नव्हती, नुसती अक्षरं आणि खुणा. एक गोल, एक फुली, दोन टिंबं. त्या काळच्या ट्यूटर मॅडमनी स्वतःसाठी केलेली भाषा.

"हे मॅडमशिवाय कुणाला वाचता येणार नाय," बहीण म्हणाली.

मॅडम हेदवीला असतात, असं त्या क्लार्कनेच शोधून दिलं. एकदा उठला की माणूस कामाचा होता. रजिस्टरच्या झेरॉक्सही त्याने शिक्का मारून दिल्या आणि सांगितलं, "तासांचा तक्ता मॅडमच्या सहीने आला तर आमचे ट्रस्टी त्यावर सही देतील. मी घेऊन देतो."

पुढच्या रविवारी जयगडहून फेरीबोटीत गाडी घातली, पलीकडे तवसाळला उतरलो आणि हेदवीला गेलो. मॅडम पंच्याहत्तरीच्या पुढच्या, पाठ ताठ, पांढरी सुती साडी. अंगणात सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. बहिणीला बघून त्यांनी चष्मा वर केला. नाव आठवलं नाही.

"तू ती ना, स्पिरिटची बाटली फोडलेलीस?"

"हो मॅडम."

"दोनदा."

"हो मॅडम."

"आणि हा कोण?"

"माझा भाऊ. कॉलेजात हेडक्लार्क आहे."

"बरं झालं. अक्षर चांगलं असेल." त्यांनी मला पाटाकडे बोट दाखवलं. मी बसलो.

तो रविवार आणि त्याच्या पुढचा रविवार आम्ही तिथे काढला. मॅडम रजिस्टर बघून सांगायच्या. गोल म्हणजे बाळंतपणाचा वॉर्ड, फुली म्हणजे ऑपरेशन थिएटर, दोन टिंबं म्हणजे लहान मुलं. बहीण आठवडे मोजायची, मी तास करून लिहायचो. एका आठवड्यात ती कावीळ होऊन घरी होती. मी तो आठवडा धरून पुढे गेलो. मॅडमनी पेन्सिलीने माझ्या बोटावर टक् केलं.

"ह्या आठवड्यात ती नव्हती."

"मॅडम, एकच आठवडा. कोण बघतंय?"

"मी बघतेय," मॅडम म्हणाल्या. "पुढे दिवाळीत भरून काढलाय तिने, तो तिथे लिही. इथे नको."

मानसिक आजारांच्या वॉर्डापाशी आलो तेव्हा गाडी अडली. रजिस्टरात चारच आठवडे होते. एजन्सीच्या यादीत त्या विषयाला बरेच जास्त लागत होते. वृद्धांच्या सेवेचंही तसंच, वेगळा वॉर्डच नव्हता. मी पेन उचललं आणि दोघींकडे बघितलं. माझ्या मनात काय होतं ते लपवत नाही. चाराच्या जागी आठ लिहायला शाई तेवढीच लागते. रजिस्टर बोलत नाही, स्कूल बंद, जर्मनी लांब. एकदा तिला खाली ढकललंय, आता एवढं करून वर उचलावं.

"मॅडम, इथे थोडं..." मी सुरुवात केली.

मॅडम काही बोलायच्या आधी बहीण म्हणाली, "चारच लिही, दादा. चारच केलेत."

"अगं पण त्यावरच अडेल."

"अडू दे. माझे आहेत तेवढे मोजून दे. जे नाहीत त्याच्यावर उभी राहिले आणि तिथे कुणी काय विचारलं तर?"

मॅडम सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकत होत्या. त्यांनी मला विचारलं, "तुझी बी.ए. कशात?"

"इतिहासात."

"बरोबर. नर्सिंगमध्ये नसतास टिकला."

मी चार लिहिले. सुवाच्य अक्षरात.

मॅडमची सही झाली. ट्रस्टींची सही, शिक्का, मग मुंबईला नर्सिंग कौन्सिलची पडताळणी, मग जर्मन भाषांतर. हे सगळं मी केलं, ऑफिसच्या सुट्ट्या टाकून, रांगेत उभं राहून. एका खिडकीवरच्या माणसाने मला सांगितलं, जेवणानंतर या. मी म्हटलं, जेवणानंतर या हे वाक्य मीही रोज म्हणतो, जेवण दीडला संपतं, मी पावणेदोनला येतो. त्याने लगेच कागद घेतला. आमच्या धंद्यात ही एक ओळख पुरते. पाकीट जर्मनीला गेलं त्या दिवशी मी फ्रीजवरच्या शिड्या काढून टाकल्या. बायको म्हणाली, "राहू दे की, सवय झालीय."

उत्तर यायला पाच महिने लागले. तेवढ्यात बहिणीची भाषा पुढे गेली होती. ड्यूटीवर जाता-येता ती कानात वायर घालून पुटपुटत असायची. बसस्टॉपवर ओळखीच्या बाया मेव्हण्यांना विचारायच्या, "तिला बरं आहे ना?"

पत्र आलं ते ती आमच्याकडेच घेऊन आली. चाचा, बायको, मी, सगळे पडवीत. तिने पहिल्यांदा स्वतः वाचलं. बोट ठेवून, ओठ हलवत. मला काही कळत नव्हतं, पण पानाच्या मध्ये एक चौकट होती आणि तिच्यात दोन ओळी ठळक होत्या. मी सरकारी कागद ओळखतो. ठळक ओळ चांगली नसते.

"कमी पडलंय," ती म्हणाली. "मानसिक आजार आणि वृद्धांची सेवा. त्या दोन्हीत."

चाचांनी हळूच विचारलं, "म्हणजे नापास?"

मी बघत होतो ते तिच्याकडे नाही, माझ्या हाताकडे. आठ लिहिले असते तर. हे मी बोललो नाही, पण ते तोंडावर दिसलं असणार. तिने पत्र माझ्यासमोर धरलं.

"हे वाच. तुला अंक तर वाचता येतात. हे बाकीचं बघ. मुलांचा वॉर्ड, बाळंतपण, शस्त्रक्रिया, मेडिसिन. सगळ्यापुढे त्यांनी मान्य लिहिलंय. माझी कावीळसुद्धा त्यांनी नीट धरलीय. तीन वर्षांतलं दोन ठिकाणी कमी पडलं म्हणतात. बाकी सगळं मोजलं, दादा. आजवर कुणी मोजलं होतं का?"

मोजलं नव्हतं.

पत्रात दोन वाटा दिल्या होत्या. एक, तिथल्या हॉस्पिटलात देखरेखीखाली काही महिने काम करायचं आणि राहिलेलं भरून काढायचं. दुसरी, परीक्षा. तोंडी आणि वॉर्डात प्रत्यक्ष, रुग्णासमोर, परीक्षकांच्या देखत, जर्मनमध्ये. पास झाली की पूर्ण नर्स, चौथी पायरी, कुणाची सही न मागता.

त्याच आठवड्यात एजन्सीवाल्याचा फोन आला. बातमी त्याला कळली होती. "मॅडम, मदतनीस म्हणून आत्ता जागा आहे. तिथून करत राहा ना सावकाश. परीक्षेत लोक अडकतात."

बहिणीने त्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "मी परीक्षेला बसणार. त्याचे कागद पाठवा."

"मॅडम, विचार करा. दोन दिवस घ्या."

"दोन दिवस मी पहिल्या वेळी घ्यायला हवे होते. आता नको."

फोन ठेवताना तिने माझ्याकडे बघितलं नाही, हे तिचे उपकार.

परीक्षा पुढच्या मार्चमध्ये आहे, तिथे जाऊन द्यायची. त्याआधी भाषेची अजून एक पायरी बाकी आहे, तीही खालून वरच मोजतात, मी विचारून घेतलं. ड्यूटी संपवून ती आठवड्यातून तीन दिवस आमच्याकडे येते, कारण तिच्या घरी टीव्ही चालू असतो आणि मेव्हण्यांना तो बंद करा म्हणायला तिचं मन होत नाही. माझ्याकडे एक जाड पुस्तक दिलंय. मानसिक आजाराचा रुग्ण, वृद्ध रुग्ण, विसरभोळा रुग्ण. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर, दोन्ही जर्मन. मी प्रश्न वाचतो. माझा उच्चार असा असतो की कधी कधी ती पुस्तक ओढून स्वतः बघते, मी काय विचारलं ते.

मग ती उत्तर देते. उभी राहून, हात पुढे करून, जणू समोर कॉट आहे आणि कॉटवर कुणीतरी आजोबा आहेत जे तिला ओळखत नाहीत. चाचांना आम्ही खुर्चीवर आजोबा म्हणून बसवतो. ते मन लावून ओळखत नाहीत.

मी उजव्या पानावर बोट फिरवत राहतो. ती बरोबर बोलली की चुकली, मला काय कळणार. मी मान हलवतो, उगाच, हेडक्लार्कसारखी. आणि ती मध्येच थांबते.

"चुकले," ती म्हणते. "पुन्हा विचार."

मी पुन्हा विचारतो.